वेदाद इबिशेविच : बोस्नियाला पहिल्या विश्वचषकात नेणारा आघाडीपटू

वेदाद इबिशेविच हा बोस्निया-हर्जेगोविनाचा निवृत्त फुटबॉलपटू. आघाडीवर खेळणारा, म्हणजे गोल करणं हेच ज्याचं मुख्य काम, असा खेळाडू. जर्मनीच्या बुंडेसलिगात तो बारा-तेरा वर्षं खेळला आणि तिथे त्याने १२० हून अधिक गोल केले. देशासाठी ८३ सामन्यांत २८ गोल केले. पण बोस्नियात त्याचं नाव घेतलं की लोकांना दोनच गोल आधी आठवतात. एक ऑक्टोबर २०१३ मधला, ज्यामुळे बोस्निया पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. दुसरा जून २०१४ मधला, बोस्नियाचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल.

युरोपातल्या मोठ्या स्ट्रायकरांची यादी काढली तर इबिशेविच पहिल्या रांगेत बसणार नाही. मोठा चषक त्याने कधी उचलला नाही. तरीही त्याची कारकीर्द नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण एका माणसाच्या वाटचालीत एका फुटलेल्या देशाची अख्खी पिढी दिसते. युद्धात घर गेलं, कुटुंब देशोदेशी फिरलं, आणि जो मुलगा जन्मगावी मोठा होऊ शकला नाही, त्यानेच त्या देशाला जगाच्या स्पर्धेत नेलं.

थोडक्यात

पूर्ण नाव : वेदाद इबिशेविच
जन्म : ६ ऑगस्ट १९८४, व्लासेनित्सा (तेव्हाचा युगोस्लाव्हिया, आजचा बोस्निया-हर्जेगोविना)
खेळण्याची जागा : आघाडी (स्ट्रायकर)
उंची : सुमारे ६ फूट २ इंच
मुख्य क्लब : पॅरिस सेंट जर्मेन, दिजाँ, आखेन, हॉफेनहाइम, श्टुटगार्ट, हर्था बर्लिन, शाल्के
राष्ट्रीय संघ : ८३ सामने, २८ गोल

जन्मगाव आणि युद्ध

व्लासेनित्सा हे पूर्व बोस्नियातलं डोंगराळ भागातलं छोटं शहर. १९९१ च्या जनगणनेनुसार त्या तालुक्यात निम्म्याहून अधिक लोक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियाई मुस्लिम होते. बाकी बहुतेक सर्ब. भाषा जवळपास एकच, शेजारही एकच.

युगोस्लाव्हिया फुटायला लागला तसं हे सगळं विस्कटलं. फेब्रुवारी-मार्च १९९२ मध्ये बोस्नियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं आणि एप्रिलमध्ये युद्ध पेटलं. पूर्व बोस्नियातल्या गावागावांतून बोस्नियाकांना हुसकावून लावण्याची मोहीम सुरू झाली. व्लासेनित्सात सुशित्सा नावाची छळछावणी उभी राहिली. तिचा प्रमुख ड्रागान निकोलिच हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आरोपपत्र ठेवलेला पहिला आरोपी. त्याने पुढे गुन्हा कबूल केला आणि अपिलानंतर त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं इबिशेविचच्या जन्मगावात घडत होतं, तेव्हा तो आठ वर्षांचाही नव्हता.

त्या दिवसांची एक आठवण त्याने पुढे मुलाखतींत सांगितली आहे. आईने झाडीत एक खड्डा खणला होता. सैनिक आले की ती वेदाद आणि त्याच्या बहिणीला त्या खड्ड्यात लपवायची. आवाज करायचा नाही, हालायचं नाही. सैनिक निघून जाईपर्यंत मुलं तशीच बसून राहायची. या युद्धात त्याच्या नात्यातली माणसं मारली गेली. घरच्यांनी अखेर गाव सोडलं आणि तुझला गाठलं.

तुझला हे ईशान्य बोस्नियातलं औद्योगिक शहर. युद्धाच्या काळात ते बोस्नियाई सरकारच्या ताब्यात राहिलं आणि पूर्वेकडून परागंदा झालेले हजारो लोक तिथे येऊन राहिले. वेदाद फुटबॉल शिकला तो इथे. १९९५ च्या अखेरीस डेटन करार झाला आणि युद्ध थांबलं. तोपर्यंत सुमारे एक लाख माणसं मेली होती आणि देशाच्या लोकसंख्येपैकी जवळपास निम्मे लोक घरदार सोडून गेले होते. करारानुसार देशाचे दोन मोठे भाग पडले आणि व्लासेनित्सा सर्बांचं वर्चस्व असलेल्या ‘रेपुब्लिका सर्प्स्का’ या भागात गेलं. इबिशेविच कुटुंबासाठी परतीचा रस्ता जवळपास बंद झाला.

स्वित्झर्लंडमार्गे अमेरिका

२००० च्या सुमारास कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं. तिथे वेदाद बाडेन शहराच्या क्लबच्या युवा संघात खेळला. पण तिथला मुक्काम वर्षभरही टिकला नाही. पुढचा थांबा अमेरिकेतलं सेंट लुईस.

सेंट लुईसच का, याला कारण आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेने बोस्नियाई निर्वासितांना आसरा दिला, त्यातले कितीतरी जण मिसुरी राज्यातल्या या शहरात वसवले गेले. मग एकामागून एक नातेवाईक, गाववाले येत गेले. आज अमेरिकेतली सर्वात मोठी बोस्नियाई वस्ती इथलीच मानली जाते. शहराच्या दक्षिणेकडच्या बेवो मिल भागात बोस्नियाई बेकऱ्या, कॉफीची दुकानं, खाटीक, मशिदी आहेत. सारायेवोच्या जुन्या बाजारात ‘सेबिल्य’ नावाचा लाकडी पाणपोईवजा कारंजा आहे. त्याची प्रतिकृती २०१३ मध्ये याच भागात उभी राहिली.

वेदाद इथल्या रूझवेल्ट हायस्कूलमध्ये शिकला. इंग्रजी येत नव्हतं, फुटबॉल येत होता. अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की दुसराच खेळ समजतात, पण सेंट लुईस त्याला अपवाद. या शहराला आपल्या अर्थाच्या फुटबॉलची जुनी परंपरा आहे आणि सेंट लुईस विद्यापीठाचा संघ महाविद्यालयीन स्पर्धांत सर्वाधिक वेळा विजेता ठरलेला आहे. याच विद्यापीठाने वेदादला घेतलं. २००३ च्या हंगामात पहिल्याच वर्षी त्याने १८ गोल केले आणि देशातला सर्वोत्तम प्रथमवर्षीय खेळाडू म्हणून तो निवडला गेला.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना तेव्हा खेळाचे पैसे घेता येत नसत. शिक्षण पूर्ण करून मग व्यावसायिक खेळाडू व्हायचं, हा तिथला रिवाज. पण युरोपात विशीचा स्ट्रायकर म्हणजे आधीच उशीर झालेला. बावीस-तेविसाव्या वर्षी पदवी घेऊन युरोपात कुणी विचारेल का, हा खरा प्रश्न होता.

पॅरिसचं बोलावणं

उत्तर आलं ते बोस्नियाच्या युवा संघामार्फत. २१ वर्षांखालच्या संघात खेळताना तो वाहिद हालिलहोजिच यांच्या नजरेत भरला. हालिलहोजिच हे स्वतः बोस्नियाचे, युगोस्लाव्हियाचे जुने नावाजलेले स्ट्रायकर. फ्रान्समध्ये नाँतकडून खेळताना दोनदा तिथल्या लीगचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले होते. युद्धात त्यांनाही मोस्तार सोडावं लागलं होतं. २००४ मध्ये ते पॅरिस सेंट जर्मेनचे प्रशिक्षक होते. त्यांनी वेदादला थेट पॅरिसला बोलावलं.

कॉलेजच्या मैदानावरून फ्रान्सच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये, ही उडी मोठी होती. खेळायला मात्र फारसं मिळालं नाही. लीगमधल्या जेमतेम चार सामन्यांत तो उतरला. फेब्रुवारी २००५ मध्ये हालिलहोजिच यांनाच क्लबने काढलं. पुढच्या हंगामात वेदाद उसनवारीवर दुसऱ्या दर्जाच्या दिजाँ क्लबकडे गेला. तिथे तो नियमित खेळला आणि त्याच्या गोलांची संख्या दोन आकड्यांत पोचली.

२००६ मध्ये त्याने जर्मनीतला आखेन क्लब धरला. आखेनचा संघ तब्बल ३६ वर्षांनी बुंडेसलिगात परतला होता आणि एकाच हंगामात पुन्हा खाली गेला. वेदादचे गोल मोजकेच. २२ व्या वर्षी त्याच्या हातात काय होतं, तर तीन वर्षांत तीन क्लब आणि एकही ठिकाण स्वतःचं म्हणावं असं नाही.

हॉफेनहाइम : १७ सामने, १८ गोल

२००७ मध्ये तो हॉफेनहाइमला गेला तेव्हा हा क्लब दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये नुकताच चढला होता. हॉफेनहाइम म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतलं सुमारे तीन हजार वस्तीचं खेडं. सॉफ्टवेअर उद्योजक डीटमार होप हे लहानपणी इथल्याच संघातून खेळलेले. त्यांनी पैसा ओतला, राल्फ रांगनिक यांना प्रशिक्षक म्हणून आणलं आणि तरुण खेळाडू जमवले. मोठ्या शहरांच्या जुन्या क्लबांचे चाहते ‘पैशावर उभा केलेला संघ’ म्हणून नाकं मुरडत, पण संघ खेळायचा वेगाने आणि बेधडक.

पहिल्या हंगामात वेदादचे गोल फक्त पाच. कधी संघात, कधी बाकावर. संघ मात्र बढती मिळवून २००८ मध्ये बुंडेसलिगात पोचला.

आणि मग तो हंगाम आला. ऑगस्ट ते डिसेंबर २००८ या काळात वेदादने १७ सामन्यांत १८ गोल केले. एका बाजूला सेनेगलचा देम्बा बा, दुसऱ्या बाजूला नायजेरियाचा चिनेदू ओबासी, मागे ब्राझीलचा कार्लोस एदुआर्दो आणि फ्री किकचा बादशहा असलेला सेयाद सालिहोविच. सालिहोविचही बोस्नियाचाच, युद्धात बर्लिनला पळून आलेल्या कुटुंबातला. चेंडू हिसकावला की तीन-चार पासांत तो गोलसमोर पोचवायचा, ही रांगनिक यांची पद्धत. शेवटी चेंडू जिथे पोचायचा तिथे वेदाद उभा असायचा.

५ डिसेंबर २००८ रोजी म्युनिकमध्ये बायर्न विरुद्ध हॉफेनहाइम हा सामना झाला. पहिल्या स्थानासाठीची ही लढत अख्ख्या जर्मनीने पाहिली. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच वेदादने गोल करून हॉफेनहाइमला आघाडी मिळवून दिली. बायर्नने बरोबरी केली आणि जादा वेळेत लुका टोनीने सामना २-१ असा फिरवला. तरीही अर्धा हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे, ३५, आणि सरस गोलफरकावर हॉफेनहाइम पहिलं. लीगमध्ये नव्याने आलेल्या खेड्यातल्या संघाने हे करून दाखवलं होतं आणि सर्वाधिक गोलांच्या यादीत वेदाद सगळ्यांच्या पुढे होता.

एक सराव सामना

जर्मनीत डिसेंबर-जानेवारीत लीगला सुट्टी असते. संघ उबदार ठिकाणी सरावाला जातात. हॉफेनहाइम स्पेनमधल्या ला मांगाला गेलं होतं. जानेवारी २००९ मध्ये तिथे हॅम्बुर्गविरुद्धच्या सराव सामन्यात वेदादच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. हंगाम तिथेच संपला.

फुटबॉलपटूला ही दुखापत म्हणजे साधारण सहा ते नऊ महिने बाहेर. धावताना अचानक थांबणं, वळणं, उडी मारणं, ही सगळी कामं ज्या लिगामेंटवर चालतात तेच तुटलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर माणूस परत येतो, पण पहिला तो झटका परत येईलच याची खात्री नसते.

वेदाद गेला आणि हॉफेनहाइमची घसरगुंडी सुरू झाली. हंगामाच्या शेवटी संघ सातवा. विजेतेपद वोल्फ्सबुर्गने पटकावलं आणि त्यांच्या विजयात २६ गोलांचा वाटा होता एदिन जेकोचा. जेकोही बोस्नियाचा, वेदादचा राष्ट्रीय संघातला जोडीदार. एकाच हंगामात एकाच देशाच्या दोन स्ट्रायकरांनी जर्मनी दणाणून सोडली. एकाच्या हाती चषक आला, दुसरा कुबड्यांवर होता.

पुनरागमन वाईट नव्हतं. सप्टेंबर २००९ मध्ये हर्था बर्लिनविरुद्ध पूर्वार्धातच त्याने हॅटट्रिक केली आणि त्या हंगामात १२ गोल केले. पण १७ सामन्यांत १८ गोल हा वेग पुन्हा कधीच आला नाही. पुढे ज्या वेदादने बोस्नियाला विश्वचषकात नेलं, तो हा दुखापतीनंतरचा वेदाद होता. वेग थोडा कमी, जागा हेरण्याची नजर जास्त.

श्टुटगार्ट आणि बर्लिन

जानेवारी २०१२ मध्ये तो श्टुटगार्टला गेला. २०१२-१३ च्या हंगामात लीगमध्ये १५ गोल आणि संघ जर्मन चषकाच्या अंतिम फेरीत. १ जून २०१३ रोजी बर्लिनमध्ये बायर्नने तो सामना ३-२ असा जिंकला. मोठ्या चषकाच्या इतक्या जवळ तो पुन्हा पोचला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जुन्या हॉफेनहाइमविरुद्ध श्टुटगार्टने सहा गोल केले, त्यातले तीन त्याचे.

नंतर गाडी रुळावरून घसरली. दुखापती, फॉर्म, संघाची वाईट अवस्था, सगळं एकदम. २०१४-१५ च्या पूर्ण हंगामात लीगमध्ये त्याचा एकही गोल नाही. वय ३०. अनेकांनी त्याला संपलेला खेळाडू ठरवलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये हर्था बर्लिनने त्याला घेतलं आणि तिथे त्याची दुसरी खेळी सुरू झाली. पहिल्या हंगामात १० गोल, दुसऱ्यात १२. २०१६ मध्ये प्रशिक्षक पाल दार्दाई यांनी त्याला कर्णधार केलं. २०१६-१७ मध्ये हर्था सहाव्या स्थानी आला आणि युरोपा लीगच्या साखळी फेरीत खेळण्याचा मान मिळाला. पाच हंगाम तो बर्लिनमध्ये राहिला. मे २०२० मध्ये कोरोनाच्या खंडानंतर रिकाम्या मैदानांवर लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच सामन्यात हॉफेनहाइमविरुद्ध आणि पुढच्या सामन्यात शहरातल्याच युनियन बर्लिनविरुद्ध त्याने गोल केले. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

शेवटचा मुक्काम शाल्के. सप्टेंबर २०२० मध्ये तो तिथे गेला तेव्हा क्लब कर्जात बुडालेला होता. वेदादने मूळ पगार समाजकार्याला देण्याचं ठरवलं, त्याचं मोठं कौतुक झालं. पण मैदानावर काहीच जुळलं नाही. लीगमध्ये एकही गोल न करता, सरावादरम्यान सहप्रशिक्षक नाल्दो यांच्याशी वाजल्यानंतर, वर्षाअखेरीस करार संपवण्यात आला. पुढच्या वर्षी तो हर्थात परतला, यावेळी आघाडीच्या खेळाडूंचा प्रशिक्षक म्हणून.

देशाचा संघ आणि त्याची अडचण

क्लबची कारकीर्द इथवर. पण वेदादचं खरं मोल समजायला बोस्नियाचा राष्ट्रीय संघ काय चीज आहे ते पाहावं लागतं.

बोस्नियाने पहिला अधिकृत सामना नोव्हेंबर १९९५ मध्ये अल्बानियाविरुद्ध खेळला, डेटन करारावर अंतिम सह्या व्हायच्या आधी. देश तीन समाजांचा : बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट. राष्ट्राध्यक्षपदही तिघांत वाटलेलं. फुटबॉल महासंघातही हाच नमुना, तीन समाजांचे तीन अध्यक्ष. फिफा आणि युएफाने एकच अध्यक्ष नेमा म्हणून तगादा लावला, महासंघाने ऐकलं नाही, आणि एप्रिल २०११ मध्ये बोस्नियावर बंदी आली. मग जुने नामवंत प्रशिक्षक इवित्सा ओसिम यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. आजारी असलेल्या ओसिम यांनी सगळ्या बाजूंच्या नेत्यांच्या गाठी घेतल्या, घटना बदलली गेली आणि काही आठवड्यांतच बंदी उठली. ती उठली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

संघातले खेळाडूही जगभर विखुरलेल्या घरांतले. मिरालेम प्यानिच लहानपणी लक्झेंबर्गला गेलेला. गोलरक्षक आस्मिर बेगोविच जर्मनीमार्गे कॅनडात वाढलेला. सेनाद लुलिच स्वित्झर्लंडमध्ये. सेआद कोलाशिनात्सचा जन्मच जर्मनीतला. कर्णधारपद भूषवलेला झ्वेझदान मिसिमोविच म्युनिकमध्ये जन्मलेला आणि सर्ब कुटुंबातला. एदिन जेको मात्र वेढ्यातल्या सारायेवोत वाढला. या सगळ्यांना दुसऱ्या एखाद्या देशाकडून खेळण्याचा किंवा नुसतं आपल्या क्लबपुरतं पाहण्याचा पर्याय होता. तरी ते एका जर्सीत आले.

वेदादने मार्च २००७ मध्ये नॉर्वेविरुद्ध पदार्पण केलं. त्यानंतर दोनदा हाताशी आलेला घास गेला. २०१० च्या विश्वचषकासाठीच्या प्ले-ऑफमध्ये पोर्तुगालने दोन्ही सामने १-० असे जिंकले. २०१२ च्या युरो स्पर्धेसाठी पुन्हा प्ले-ऑफ, पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा हार, यावेळी लिस्बनमध्ये ६-२ अशी.

कौनासची रात्र

२०१४ च्या पात्रता फेरीत प्रशिक्षक साफेत सुशिच यांनी जेको आणि इबिशेविच या दोघांनाही एकदम आघाडीवर खेळवलं. बहुतेक संघ तेव्हा एकाच स्ट्रायकरवर भागवत होते. सुरुवात लिश्टेनश्टाइनविरुद्ध ८-१ ने झाली, त्यात दोघांचे तीन-तीन गोल. अख्ख्या फेरीत जेकोचे १० आणि इबिशेविचचे ८. बोस्नियाचे एकूण गोल ३० होते, त्यातले १८ या दोघांचे.

गटात ग्रीसही तितक्याच गुणांवर चालला होता. १५ ऑक्टोबर २०१३ ला शेवटचा सामना लिथुआनियातल्या कौनास शहरात. गोलफरक बोस्नियाच्या बाजूने, पण ग्रीसचा सामना दुबळ्या लिश्टेनश्टाइनशी होता, म्हणजे तो जिंकणार हे धरूनच चालायचं. बोस्नियाला बरोबरी पुरणार नव्हती. जिंकलं तर ब्राझील, नाहीतर तिसऱ्यांदा प्ले-ऑफ.

तासभर गोल होईना. ६८ व्या मिनिटाला जेकोने डावीकडून चेंडू गोलसमोर टाकला आणि वेदादने तो जवळून आत ढकलला. दिसायला साधा गोल. नजरेत भरावा असा फटका नाही, चकवाचकवी नाही. फक्त नेमक्या क्षणी नेमक्या जागी असणं. बोस्निया १-० ने जिंकला. दोन्ही संघांचे गुण २५, बोस्नियाचा गोलफरक अधिक २४, ग्रीसचा अधिक ८.

त्या रात्री सारायेवोत हजारो लोक रस्त्यावर आले आणि पहाटे परतलेल्या संघाच्या स्वागताला थांबले. सेंट लुईसच्या बेवो मिलपासून युरोपातल्या शहरांपर्यंत जिथे जिथे बोस्नियाई लोक होते तिथे आनंद झाला. सगळा बोस्निया एक झाला असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. तिथले अनेक सर्ब सर्बियाच्या आणि अनेक क्रोएट क्रोएशियाच्या संघाला आपला मानतात, तेव्हाही आणि आजही. एका गोलाने राजकारण बदलत नाही. पण २० वर्षं ज्या देशाची बातमी म्हणजे युद्ध, सामूहिक कबरी आणि खटले, त्याची पहिली आनंदाची जागतिक बातमी या गोलाने दिली.

महिन्याभरातच बोस्नियाचा संघ मैत्रीपूर्ण सामन्यासाठी सेंट लुईसला गेला. समोर अर्जेंटिना. बेसबॉलच्या बुश स्टेडियमवर सुमारे ३० हजार प्रेक्षक जमले आणि स्टँडमध्ये निळा-पिवळा रंग उसळला. सर्जिओ अग्वेरोच्या दोन गोलांनी अर्जेंटिना जिंकला, पण ज्या शहरात वेदाद परकी भाषा शिकत वाढला तिथे तो आता देशाचा नायक म्हणून उतरला होता.

मराकाना, ८४ वं मिनिट

१५ जून २०१४. रिओच्या मराकानावर ७४ हजारांहून अधिक प्रेक्षक. बोस्नियाचा विश्वचषकातला पहिला सामना, पुन्हा अर्जेंटिनाशी. तिसऱ्याच मिनिटाला कोलाशिनात्सच्या पायाला लागून स्वयंगोल झाला. ६५ व्या मिनिटाला मेस्सीने दुसरा केला. वेदाद सुरुवातीच्या अकरांत नव्हता. सुशिच यांनी या सामन्यात एकट्या जेकोला पुढे ठेवलं होतं. दुसऱ्या गोलनंतर त्यांनी वेदादला मैदानात आणलं.

८४ व्या मिनिटाला लुलिचचा पास, वेदादचा पहिल्याच स्पर्शातला फटका, चेंडू गोलरक्षक सर्जिओ रोमेरोच्या पायांमधून निसटला आणि हळूहळू रेषेपलीकडे गेला. सामना २-१ असा गेला, पण बोस्नियाच्या विश्वचषकातल्या गोलांची यादी कुणीही, कधीही काढली, तरी पहिलं नाव तेच राहणार.

पुढे नायजेरियाकडून ०-१ अशी हार झाली. त्यात जेकोचा एक गोल ऑफसाइड ठरवला गेला, जो टीव्हीवर स्पष्टपणे नियमात दिसत होता. इराणला ३-१ हरवून संघ घरी परतला. २०१६ च्या युरोसाठी पुन्हा प्ले-ऑफ आणि पुन्हा हार, यावेळी आयर्लंडकडून. २०१८ मध्ये वेदादने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. बोस्नियाच्या गोल करणाऱ्यांच्या यादीत तेव्हा जेकोच्या खालोखाल त्याचंच नाव होतं.

खेळ कसा होता

वेदाद गोलक्षेत्रातला खेळाडू. मैदानभर धावणं, तिघांना चकवणं हे त्याचं काम नव्हतं. बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेआड उभं राहायचं, चेंडू येण्याआधी अर्धा क्षण पुढे सरकायचं आणि एका स्पर्शात फटका मारायचा. हेडर चांगला. जेकोबरोबरची जोडी जमली ती याचमुळे. जेको खाली येऊन खेळ बांधायचा, बाजूला जाऊन क्रॉस टाकायचा. वेदाद जागा सोडायचा नाही.

दुसरी बाजू म्हणजे राग. लाल कार्डं त्याने बरीच घेतली. मार्च २०१९ मध्ये डोर्टमुंडविरुद्धच्या सामन्याच्या अखेरीस त्याने चेंडू उचलून गोलरक्षक रोमान ब्युर्कीच्या डोक्यावर फेकला, तेही कर्णधार असताना. पाच सामन्यांची बंदी आली. ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही आणि शाल्केतला शेवटही भांडणानेच झाला.

मागे काय राहिलं

जेको आकड्यांनी मोठा, प्यानिच कौशल्याने मोठा. वेदादच्या वाट्याला दोन क्षण आले आणि दोन्ही वेळा तो तिथे हजर होता. बोस्नियातून आणि बाहेरच्या वस्त्यांतून पुढे आलेल्या मुलांना त्याच्या कारकीर्दीतून एक गोष्ट कळली. व्लासेनित्साहून हुसकावलेला, तुझलात शिकलेला, अमेरिकेत कॉलेजात खेळलेला आणि जर्मनीत नाव काढलेला माणूस बोस्नियाचाच असू शकतो. घर कुठेही असो, संघ कुठला ते त्याचं त्याला ठरवता येतं. २००४ मध्ये वीस वर्षांच्या वेदादने ते ठरवलं होतं, तेव्हा बोस्निया विश्वचषकाच्या आसपासही नव्हता.